प्लास्टिकची भिंत घालू का? आधी बांबू धरा, मग चेक फाडा

वाचकाचं पत्र (थोडं कापून देतोय, लई मोठं होतं):

"आमची कॉलनी कोल्हापूरजवळ सरनोबतवाडीच्या बाजूला, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून. चाळीस घरं, बहुतेक तळमजला आणि वर एक मजला. हायवे आमच्याकडं भरावावर आहे, म्हणजे गाड्या डोक्याच्या वरनंच जातात. दिवसा कसंतरी निभतं पण रात्री धडडडड असा आवाज येतो, मग ब्रेक, मग परत धडडडड. ऊस चालू झाला की ट्रॅक्टरवाल्यांची गाणी वेगळी. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, पुढच्या खोलीत झोपतात, त्यांचा डोळा लागत नाही आणि मी पण दोन-दोनला उठून बसतो. आता एक पार्टी आलीय, कंपाउंडला रिसायकल प्लास्टिकची ८ फुटी भिंत घालून देतो म्हणतात, लांबी २०० फूट, आवाज ३० डेसिबलनं कमी होणार म्हणून गॅरंटी. आमच्या बचत गटाची आयडिया आहे की कॉलनीतलंच प्लास्टिक गोळा करून त्यांना द्यायचं, म्हणजे रेट कमी होईल. दीर म्हणतात झाडं लावा, फुकटात काम. रविवारी मीटिंग आहे. पैसे पाण्यात जाणार नाहीत ना?"

ताई, पहिलं म्हणजे रविवारी कुणाला ॲडव्हान्स देऊ नका. भिंतीला माझा विरोध नाही, प्लास्टिकला तर नाहीच नाही, उलट चांगल्या पॅनलची भिंत काँक्रीटच्या भिंतीएवढंच काम करू शकते. पण तुम्हाला जे विकायला आलेत त्यांनी ३० डेसिबल म्हटलं ना, तिथंच माझे कान टवकारले.

हा ३० चा आकडा खोटा असेलच असं नाही बरं का. लॅबमध्ये एका खोलीत आवाज करतात, मध्ये पॅनल लावतात, पलीकडच्या खोलीत किती पोचला ते मोजतात, त्यात चांगल्या पॅनलला ३० येऊ शकतात. पण लॅबमध्ये पॅनल जमिनीपासून छतापर्यंत बंद असतो आणि तुमच्या भिंतीच्या वर आभाळ आहे. आवाज भिंतीतून येत नाही, भिंतीवरून वळून येतो. म्हणून रस्त्याकडंच्या कुठल्याही भिंतीचा, मग ती प्लास्टिकची असो, काँक्रीटची असो नाहीतर सोन्याची असो, प्रत्यक्षात फायदा ५ ते १० डेसिबलचा, फारच उंच आणि नीट बांधलेली असेल तर १५ पर्यंत. आणि डेसिबलचा हिशोब किलो-लिटरसारखा सरळ नसतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. हायवेवरची निम्मी वाहनं उद्यापासून बंद केली तरी फक्त ३ डेसिबल उतरतात. त्यामुळं ५-७ मिळाले तरी ते कमी नाहीत, झोपेला फरक पडतो. पण ३० मिळणार म्हणून पैसे गोळा केले आणि ६ मिळाले की पुढच्या मीटिंगला तुमचंच नाव निघणार, चाळीस घरांसमोर.

आता त्या पार्टीकडनं काय घ्यायचं ते सांगतो. कॅटलॉग नको. पॅनलचा एक फूट बाय एक फूट कापलेला तुकडा मागा आणि तो गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. दोन किलोच्या आसपास भरला तर पुढं बोला. कारण आवाज अडवायला वजन लागतं, चौरस मीटरला साधारण २० किलो असलं की भिंतीतून येणारा आवाज विसरून जायचा, फक्त वरून येणारा उरतो. निम्म्या वजनावरही थोडंफार काम होतं पण त्याच्या खाली नको. रिसायकल प्लास्टिक पाण्यापेक्षा थोडं हलकंच असतं, म्हणजे ठोकळ हिशोबानं दोन सेंटिमीटर जाडीचा भरीव पत्रा पाहिजे. बाजारात जे आतनं पोकळ, पट्ट्यापट्ट्यांचे शीट मिळतात, दिसायला जाडजूड, ते असल्या तुकड्याला अर्धा किलोही भरत नाहीत. त्यावर चकचकीत हिरवा रंग मारून "साउंड बॅरियर" म्हणून खपवतात. पोकळ पॅनल चालतो, पण आत वाळू नाहीतर तसलं काहीतरी जड भरलेलं पाहिजे. तुकडा द्यायला काचकूच केली, सॅम्पल फॅक्टरीतनं मागवावं लागतं वगैरे सुरू झालं, की समजून जा.

दुसरी परीक्षा बांबूची, ही पैसे न घालता तुम्ही आज संध्याकाळीच करू शकता. एक ८ फुटी बांबू घ्या, दिरांना कंपाउंडपाशी उभा धरायला लावा (झाडं लावा म्हणतायत ना, तेवढं तर करतील). तुम्ही सासूबाईंच्या पलंगावर बसा, उशी असते त्या बाजूला, आणि खिडकी उघडून हायवेकडं बघा. बांबूच्या टोकाच्या वर ट्रकचं काय दिसतं? नुसता टप किंवा मागचा माल दिसत असेल आणि चाकं, इंजिन झाकलं जात असेल तर भिंत कामाची, जिथं नजर अडली तिथं साधारण ५ डेसिबल आले समजा आणि त्याच्यावर दर मीटर उंचीला अजून साधारण दीड. चाकं सुद्धा दिसत असतील तर ती भिंत म्हणजे चाळीस घरांनी मिळून घातलेलं नुसतं कंपाउंड. मग तसंच वरच्या मजल्यावर जाऊन बघा. तिथं मला उत्तर माहितीय: हायवे भरावावर, तुम्ही वर, बांबूचं टोक खाली कुठंतरी. वरच्या मजल्याला या भिंतीचा उपयोग शून्य. वर्गणी मात्र सगळ्यांकडनं सारखी घेणार असाल तर भांडण ठरलेलं, त्यामुळं हे मीटिंगच्या आधी सगळ्यांना करून दाखवा, तोंडानं सांगू नका.

बांबू धरलेला असतानाच अजून एक बघून घ्या. तुमच्या कॉलनीचं गेट कुठाय? भिंतीला बारा फुटाचं भगदाड पडलं की गेटसमोरच्या दोन-तीन घरांना काही मिळत नाही. टोकाच्या घरांनाही कमी, कारण आवाज बाजूनं पण वळतो. ठोकताळा असा की घर भिंतीपासून जितकं लांब, त्याच्या चौपट भिंत दोन्ही बाजूला पुढं गेलेली पाहिजे. घर १५ फुटावर असेल तर डावीकडं ६० आणि उजवीकडं ६०. म्हणजे तुमच्या २०० फुटातली मधली घरं सुखी, कडेची नाराज. आणि खाली जमिनीपाशी पाणी जायला चार बोटं फट सोडतात ना, ती पण नको. पाण्याला वेगळी पाईप टाका.

आणि ट्रकच्या सायलेन्सरचा जो खालचा घुंघुं आवाज असतो, तो कुठल्याच भिंतीला फार जुमानत नाही. त्याच्या लाटा तीन-तीन मीटर लांबीच्या असतात, आरामात वळून खाली उतरतात. टायरचा सरसर आवाज आणि हॉर्न भिंतीनं बऱ्यापैकी कापले जातात.

खरी जागा कुठली विचाराल तर भिंत तुमच्या कंपाउंडला नाही, वर भरावाच्या कडेला, क्रॅश बॅरियरला लागून. तिथं दीड-दोन मीटरची जरी असली तरी चाकं आणि इंजिन दोन्ही झाकतात आणि तुमच्या वरच्या मजल्याला पण थोडं मिळतं. आवाज जिथं निघतो त्याच्याजवळ भिंत पाहिजे नाहीतर ऐकणाऱ्याजवळ, अधेमधे सगळ्यात वाईट. पण ती जागा हायवे प्राधिकरणाची, तिथं तुम्ही खुंटी पण ठोकू शकत नाही. मागणी मात्र करू शकता, आणि तुमच्याच हायवेचं सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम निघालंय तर हीच वेळ आहे. आपल्याकडं असलं काही होतच नाही असं कुणी म्हणालं तर सांगा, नागपूरच्या वर पेंचच्या जंगलात हायवेला वाघ-हरणांसाठी आवाजाचे पडदे लावलेत, मुंबईत अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला फ्लेमिंगोंसाठी लावलेत. माणसांसाठी मागायला लाजायचं कशाला? आणि रिसायकल प्लास्टिकचं म्हणाल तर मेलबर्नला मॉर्डियालॉक फ्रीवे म्हणून २०२१ साली सुरू झाला, त्याच्या साउंड वॉलचे पॅनल ७५ टक्के रिसायकल प्लास्टिकचे आहेत. तेव्हा मटेरियल थट्टेवारी नेण्यासारखं नाही.

आता बचत गटाचं. आयडिया ऐकून बरं वाटलं, पण गणित घालून बघितलं. ८ फूट बाय २०० फूट म्हणजे १६०० चौरस फूट, फुटाला दोन किलोच्या हिशोबानं तीन टन प्लास्टिक. दुधाची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साधारण तीन ग्रॅमची. म्हणजे दहा लाख पिशव्या. चाळीस घरं, रोज दोन पिशव्या धरल्या तर तुमची भिंत पुरी व्हायला चौतीस वर्षं लागतात. तोपर्यंत हायवे बारापदरी होईल. शिवाय पॅनलवाल्याला मिक्स माल नको असतो. दुधाची पिशवी एक जात, शाम्पूची बाटली आणि तेलाचा कॅन दुसरी, बाटलीचं झाकण बऱ्याचदा तिसरी. पाण्याच्या बाटल्यांना भंगारवाला असाही चांगला भाव देतो, त्या कशाला त्यात घालताय. आणि पीव्हीसीचा पाईप, जुनं रेक्झिन असलं त्या पोत्यात चुकून पण जाऊ देऊ नका, वितळवताना त्यातनं ॲसिडचा वायू सुटतो, मशीनपण खराब आणि तिथं काम करणाऱ्या पोरांची फुप्फुसंपण. तेव्हा गोळा करायचं जरूर करा, धुवून, वाळवून, जात वेगळी करून विका, आलेले पैसे गटाच्या खात्यात जाऊदेत. भिंतीच्या रेटशी त्याची सांगड घालू नका, त्यात पार्टी तुम्हाला गोड बोलून गुंडाळणार, "ताई तुमचा माल धरून एवढे कमी केले" म्हणत.

पॅनल पास झाला, बांबू पास झाला, तर कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं? उन्हाचं पहिलं. साधं प्लास्टिक दोन-चार उन्हाळ्यांत ठिसूळ होतं, कडा पांढऱ्या पडून भुगा निघायला लागतो आणि तो भुगा तुमच्याच परड्यात. यूव्हीचा माल घातलाय का, किती वर्षांची वॉरंटी, कागदावर. काळा रंग उन्हाला टिकतो पण तापतो जास्त, आणि तीन मीटरचा पॅनल थंडीतली पहाट ते मे मधली दुपार यात सेंटिमीटरभर तरी लांबी बदलतो, जास्तच. म्हणून दोन्ही टोकांना स्क्रू मारून आवळलेला पॅनल फुगून वाकणार. लोखंडी खांबांच्या खाचेत सरकवून बसवलेला पाहिजे, खाचेत रबर, म्हणजे हलायला जागा पण राहते आणि फट पण नाही. खांबांचा पाया तुमच्याकडं काळी माती असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका, ही माती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते आणि ८ फुटी पडद्यावर वारा केवढा बसतो, वळवाच्या वाऱ्यानं होर्डिंग कशी पडतात ते बघतोच की आपण. ग्रामपंचायत आणि प्राधिकरण दोन्हीकडं परवानगीचं विचारून घ्या, कंपाउंडच्या उंचीला नियम असतात.

आग. हे कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. सर्व्हिस रोडला कचरा पेटवणारे आहेतच, शेजारी शेत असेल तर पाचट पेटवणारे पण आहेत. प्लास्टिक एकदा पेटलं की थेंब थेंब गळत जळतं. खालची दोन-अडीच फूट विटेची नाहीतर ब्लॉकची भिंत घ्या, प्लास्टिक त्याच्यावर. आग-प्रतिबंधक टेस्टचा कागद मागा. विटेची भिंत आत्ताच असेल तर उत्तमच, तेवढं प्लास्टिक वाचलं.

दिरांच्या झाडांबद्दल वाईट वाटून घेऊ नका पण झाडांनी आवाज अडतो ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे. ५ डेसिबलला साधारण १०० फूट रुंदीची गच्च राई लागते, खालपासून वरपर्यंत पानांनी भरलेली. तुमच्याकडं एक ओळ बसेल. धूळ अडेल, सावली मिळेल, गाड्या दिसायच्या बंद झाल्या की मनाला बरं वाटतं हे पण खरं, त्यामुळं लावा. आवाजाच्या खात्यात मात्र धरू नका.

हे सगळं झालं भिंतीचं. पण ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटतंय तुमचा अर्धा त्रास भिंतीनं जाणारच नाही. धडडडड, मग ब्रेक, मग परत धडडडड, हे असं लिहिलंय ना तुम्ही? तो टायरचा आवाज नाही. ते रम्बलर आहेत. रस्त्यावर त्या पांढऱ्या जाड पट्ट्या मारतात ना, चार-सहा एकापाठोपाठ, त्याच्यावरनं रिकामा ट्रेलर गेला की सगळी साखळदंडं, फाळके, हौदा एकदम वाजतात. भरलेल्या ट्रकपेक्षा रिकामा जास्त वाजतो, रात्री एकदा गच्चीवर जाऊन बघा. त्या पट्ट्या तुमच्या घरांच्या समोरच आहेत का हे पहिलं शोधा. असतील तर घरं नसलेल्या टप्प्यावर सरकवून द्या म्हणून अर्ज करा. पट्ट्या काढा म्हणू नका, अपघातासाठी मारलेल्या असतात, कुणी ऐकणार नाही. सरकवा म्हणा, किंवा त्याजागी वेगमर्यादेचा दुसरा काही उपाय करा म्हणा. खर्च भिंतीच्या मानानं काहीच नाही आणि फायदा वरच्या मजल्याला पण. पुलाचा सांधा किंवा खड्डा निघाला तर त्याची पण तीच गत, हायवेची हेल्पलाईन १०३३ आहे, फोन करून तक्रार नंबर घ्या, नंतर लेखी अर्ज, पोच घेऊन.

अर्जाला दात यायला आकडे पाहिजेत. कायद्यात राहत्या भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. मर्यादेच्या वर १० डेसिबल किंवा जास्त गेलं तर सामान्य माणसाला तक्रार करायचा हक्क २००० सालच्या ध्वनी नियमांनीच दिलाय. तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलिसांत डीवायएसपी लेव्हलला, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर ऑफिसला. मोबाईलच्या ॲपवर मोजलेलं कोर्टात टिकत नाही, पण रोज एकाच खिडकीत, एकाच फोननं, ठराविक वेळेला मोजून वहीत लिहिलंत तर साहेबाला टाळणं अवघड जातं, आणि मग मंडळाकडनं मशीननं मोजणी करून द्या अशी मागणी करता येते. भिंत घातलीच तर आधी-नंतर किती फरक पडला हे पण त्याच वहीत सापडेल.

ट्रॅक्टरची गाणी हा प्रकार वेगळा, त्याला भिंत नको, माणूस गाठायला पाहिजे. कुठल्या कारखान्याचा ऊस त्या रस्त्यानं जातो ते तुम्हाला माहिती असेलच. सीझन चालू व्हायच्या आधी कारखान्याच्या शेती विभागात दहा जणींनी जाऊन अर्ज द्या, वाहतूक ठेकेदारांना तंबी द्यायला त्यांना एक दिवस पुरतो. ड्रायव्हर पोरांशी रस्त्यावर हुज्जत घालू नका, ती पण रात्रभर जागी राहायला म्हणून लावतात बिचारी. ऐकलंच नाही तर ११२. विनाकारण हॉर्नला २०१९ पासून पहिल्यांदा १००० आणि नंतर २००० दंड आहे, कर्कश म्युझिकल हॉर्नवर तर बंदीच, पण पावती फाडायला कुणीतरी तिथं उभा राहायला पाहिजे, त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका.

राहिली घरं. वरच्या मजल्याला तर खिडकीशिवाय इलाज नाही. आपल्याकडं ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात, दोन झडपांच्या मध्ये ब्रशची फट, खाली ट्रॅकला भोकं. जिथनं वारा येतो तिथनं आवाज येतो. बिजागरीवर उघडझाप होणारी, चारी बाजूंनी रबर असलेली झडप आणि त्यात जाड लॅमिनेटेड काच, एवढं फक्त झोपायच्या खोलीला केलं तरी भिंतीपेक्षा जास्त उतरतं, आणि ज्याचं त्याचं ज्यानं करायचं, वर्गणी नाही भांडण नाही. बाथरूमच्या त्या काचपट्ट्यांच्या झरोक्याला विसरू नका, खिडकीला पैसे घालतात आणि आवाज तिथनं येत राहतो. खिडकी बंद केली की मे महिन्यात उकडणार, तर मागच्या बाजूनं हवा घ्यायची काहीतरी सोय आधी बघा.

सासूबाईंना आजच मागच्या खोलीत हलवा. पुढची खोली त्यांची, दारातलं येणंजाणं दिसतं, देव्हारा तिथं, हे सगळं मला कळतं, दिवसभर बसूदेत की तिथंच. फक्त रात्रीचं अंथरूण मागं. घराचंच अंग मध्ये आल्यावर जेवढा आवाज कमी होतो तेवढा कुठलीच पार्टी करून देत नाही.

आणि रविवारच्या मीटिंगमध्ये भिंतीवर मतदान घेऊ नका, आधी रम्बलरच्या अर्जावर सह्या घ्या. त्याचं काय होतंय ते महिना-दोन महिने बघा. तोपर्यंत त्या पार्टीला सांगा की तुकडा पाठवा, आणि कोटेशनमध्ये ३० डेसिबल खोडून "तळमजल्याच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर, रात्री, मशीननं मोजून इतके डेसिबल कमी" असं लिहा, शेवटचा हप्ता त्या मोजणीनंतर. जो सही करेल त्याच्याशी पुढं बोलायचं. तुकडा किती भरला ते मला पण कळवा.